शर्टपीस इकडं द्या

ताई, परवा तू मला जरीपटक्याच्या बाजारात दिसलीस. सांभाराची जुडी उचलून नाकाशी धरली होतीस. पाठमोरी होतीस. राखाडी साडी, पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघांचा ब्लाउज आणि मानेवर ती कडक कॉलर. मी स्कूटर भर रस्त्यात उभी केली आणि "ताई, ए ताई" म्हणून ओरडलो. त्या बाईनं वळून पाहिलं. मे महिन्याचं ऊन, तोंड दुपट्ट्यानं बांधलेलं, नुसते डोळे उघडे. ते डोळे तुझे नव्हते. ब्लाउज मात्र तुझाच होता.

"काय जी?" ती म्हणाली.

मी गडबडून विचारलं, "सांभार कसा दिला?"

"मले काय विचारता? मी तर घेऊन राहिली."

मागच्या ऑटोवाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. मी उगाच दोन जुड्या घेतल्या आणि घरी आलो. घरी फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या आधीच तीन जुड्या होत्या. वैशालीनं त्या पाहिल्या, माझ्याकडं पाहिलं आणि फ्रिजचं दार लावलं. आजकाल बायको मला काही विचारत नाही.

तू गेलीस त्याला दोन महिने झाले आणि एवढ्यात तू मला सहा वेळा दिसलीस. एकदा मनीषनगरच्या पुलाखाली, कोणाच्या तरी स्कूटीवर मागं बसलेली. एकदा बँकेच्या रांगेत. एकदा तर तू नव्हतीसच, एका गॅलरीत दोरीवर नुसता ब्लाउज वाळत होता आणि वारा आला की त्याच्या दोन्ही बाह्या थोड्या वर उचलल्या जात होत्या, तू बोलताना उचलायचीस तशा. मी खाली उभा राहून पाहत बसलो. वॉचमननं हाकललं.

बाकी गावांत असं होत नसेल. आपल्याकडं उन्हाळ्यात चेहरा असतो कोणाला? सगळं शहर डोळ्यांपुरतं उघडं. माणूस ओळखायचा तो कपड्यावरून, चालीवरून. आणि या अख्ख्या शहरात तुझ्यासारखे कपडे घालणारी एकच बाई होती. भुताचा मला त्रास नसता झाला, ताई. भूत एका जागी राहतं, आपण त्या रस्त्यानं जायचं नाही. तू तर चौदा ठिकाणी राहायला गेलीस.

आणि पाठवलं मीच.

तेराव्याची जेवणं उरकली, पाहुणे पांगले आणि मला एकदम कामाचा जोर चढला. घरात काही झालं की मला चढतो तो खोटा जोर तुला ठाऊक आहे. बाबा गेले तेव्हा मी घरातले सगळे बल्ब बदलले होते, चांगले चालू असलेलेसुद्धा. या खेपेला मी तुझं कपाट उघडलं. तुझा स्वयंपाक करणारी सुनंदा ओट्यावर भांडी पुसत होती. मी म्हणालो, "सुनंदाबाई, हे सगळं घेऊन जा. तुमच्या वस्तीत वाटून टाका. मागं काही ठेवू नका."

"सगळं, जी?" ती म्हणाली. "एखादा राहू द्या न आठवणीले."

"आठवण कपड्यात नसते," मी म्हणालो.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "वा गा, अरुण्या. मोठा प्रवचनकार झाला." तू नव्हतीस, म्हणून ते वाक्य तसंच खोलीत राहिलं. सुनंदानं चौदा ब्लाउज आणि नऊ साड्या दोन गाठोड्यांत बांधल्या. काही तिच्या वस्तीत गेले, काही जरीपटक्याला तिच्या बहिणीकडं. आठ दिवसांनी पुण्याहून मुक्ताचा फोन आला, "बाबा, आत्याचा एक ब्लाउज माझ्यासाठी ठेवा. कुठलाही चालेल." मी म्हणालो, "ठेवलाय ना." पोटच्या पोरीशी इतक्या सहज खोटं बोलता येतं, हे मला या वयात कळलं. ती या महिन्याच्या शेवटी येते आहे.

म्हणून मी तुझ्या मागं फिरतोय. निदान वैशालीला मी तरी असंच सांगतो.

पहिला ब्लाउज कसा झाला, ते मी मुक्ताला लहानपणापासून इतक्यांदा सांगितलंय की ती मधली वाक्यं माझ्या आधी म्हणते. बाबा गेले त्याच वर्षी आपण रामटेकला काकाजींच्या पोरीच्या लग्नाला गेलो. तू तेवीस वर्षांची, सिंचन खात्यात अनुरेखक म्हणून नुकती चिकटलेली, दिवसभर नकाशांवर कागद टाकून रेघा उतरवायच्या. मी सोळाचा. आहेराची वेळ झाली. काकाजी ताट घेऊन आले. आईला साडी, तुला खण, आणि शर्टपीस आणि टोपी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "घे बापू. आता घरचा कर्ता माणूस तू."

मी छाती काढून बसलो. तू खण परत ताटात ठेवलास.

"काकाजी, घर मी चालवून राहिली. हा तर अजून दहावीत आहे, तेही दुसऱ्यांदा. शर्टपीस इकडं द्या."

मांडवात हशा पिकला. तो तुझ्यावर होता की माझ्यावर, हे मला अजून नक्की माहीत नाही. काकाजी हसले, "शर्ट घालशील काय वं?" तू म्हणालीस, "ब्लाउज शिवीन." हसत नव्हतीस. काकाजींचं हसू आधी थांबलं, मग त्यांनी शर्टपीस उचलून तुझ्या हातात दिला. टोपी माझ्याकडं राहिली. ती मला मोठी होत होती.

पहिला ब्लाउज फसला. जरीपटक्यातल्या मास्टरजींनी आधी कापडाला हात लावायला नकार दिला, "मैडम, ये जेंट्स का है." मग रागारागानं खरोखर शर्टच शिवून ठेवला, बिड्यांचं बंडल मावेल एवढ्या खिशाचा. तू तो तसाच घालून ऑफिसला गेलीस आणि लोक म्हणाले, पोस्टमन आले. दुसऱ्याची कॉलर इतकी ताठ की टेबलावर वाकता येईना. तिसऱ्यात रेघा आडव्या पडल्या; आरशात पाहून तू म्हणालीस, "बेडूक." तरी तू सोडलं नाहीस. दर लग्नात जिद्दीनं शर्टपीस मागून घ्यायचीस आणि दर शर्टपीसमागं एक चूक कमी व्हायची. शाई लागू नये म्हणून बाही कोपराच्या वर. खिसा तीन बोटं रुंद, पेन्सिलीपुरता, आतून दुहेरी. रेघा उभ्याच. आणि वर साडी नेहमी एकरंगी, सुती. "रेघा एकाच जागी पाहिजेत. दोन जागी झाल्या की त्या भांडतात," असं तू म्हणायचीस. दिवसभर रेघा ओढणाऱ्या बाईचं हे मत होतं, त्यावर वाद कोण घालणार?

चार-पाच वर्षांत लोक हसायचे थांबले. मग न हसण्याची सवय झाली. मग एक दिवस तू ऑफिसात साधा ब्लाउज घालून गेलीस, बाकीचे धुवायला पडले होते, तर शिपायानं विचारलं, "बरं नाही का मॅडम?" हे तू घरी येऊन सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला आहे. पदक मिळालेल्या माणसाचा तसा असतो.

मुक्ता कॉलेजात गेल्यावर त्याला 'सिग्नेचर स्टाइल' म्हणायला लागली. तू म्हणालीस, "सही कागदावर करतात वं, अंगावर काहून?" पण नंतर दोन दिवस तो शब्द तू स्वयंपाकघरात पुटपुटत होतीस. तुझ्याकडं चहाला आलो तेव्हा मी ऐकलंय.

माझ्याकडं कसली स्टाइल? चोपन्न वर्षांत मी स्वतःसाठी एकही शर्ट निवडला नाही. जे आहेरात येईल ते शिवून घालायचं. एकदा सफारी शिवला तर सोसायटीतल्या लोकांनी माझ्याकडं लिफ्ट बंद असल्याची तक्रार केली. तू म्हणायचीस, "तुले पाहून वाटते, आत्ताच कोनाच्या तरी लग्नातून येऊन राहिला. आनि कोनाच्या, ते तुलेच माहीत नाही." मी म्हणायचो, "कपडे लोकांसाठी असतात ताई, आपण कुठं स्वतःला पाहतो?" तू म्हणायचीस, "लोक कोनाले पाहतात मंग? मलेच पाहतात न? मंग मी तिथं पाहिजे का नाही?" हे भांडण आपण तीसेक वर्षं भांडलो. ते संपलं नाही, कारण दर वेळी मधेच चहा यायचा.

तीन वर्षांपूर्वी मुक्ताच्या लग्नात ते संपवायला निघालो मीच. मुलाकडची माणसं शिकलेली, मुंबईकडची. मला अचानक तुझी कॉलर दिसायला लागली. आदल्या दिवशी मी तुझ्याकडं आलो आणि म्हणालो, "ताई, एवढा एक दिवस. फोटोपुरतं. वैशालीची रेशमी साडी आहे, ब्लाउजही आहे."

तू पेन्सिलीला टोक करत होतीस. म्हणालीस, "बरं."

भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू ती साडी नेसलीस. फुग्यांच्या बाह्यांचा तो ब्लाउज घातलास आणि दिवसभर हात शरीरापासून जरा लांब धरून फिरलीस, ओला रंग लागेल अशा बेतानं. आहेराची पाकिटं मी भरली होती. तुझ्या पाकिटात मी खण ठेवला. घाईत ठेवला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे शर्टपीस हातात घेतला होता आणि परत ठेवला होता. वाटलं, व्याह्यांसमोर कशाला. तू पाकीट उघडून पाहिलंस, बंद केलंस आणि जाताना दारात म्हणालीस, "अरुण, आज मी मुक्ताची आत्या होती, का पाहुनी?"

अरुण्या नाही म्हणालीस. अरुण.

मी म्हणालो, "काहीतरीच काय." तेवढंच. नंतर तू तो विषय काढला नाहीस आणि मीही नाही. आपण भाजीवर बोललो, उन्हावर बोललो, तुझ्या गुडघ्यांवर बोललो. माफी मागायला मला तीन वर्षं होती ताई, आणि मी ती गुडघ्यांवर घालवली.

तेराव्याला हार घातला त्या फ्रेममध्ये लग्नातलाच तुझा फोटो होता. मीच निवडला, 'नीट कपड्यांतला' तेवढाच होता म्हणून. तुझ्या ऑफिसातल्या दोघी आल्या, फोटोसमोर हात जोडले आणि एकीनं दुसरीला हळूच विचारलं, "ह्या कोण?"

पण मला झोपू देत नाही ते हेही नाही. ते त्याच्या आधीचं आहे. तू गेलीस त्या सकाळचं.

मावशी म्हणाली, "माहेरची साडी लागते. भावानं आनाव लागते." मी धावत दुकानात गेलो. शटर अर्धं उघडं होतं. दुकानदारानं विचारलं, वय काय, मी म्हणालो, एकसष्ट. कारण विचारलं नाही त्यानं, मीही सांगितलं नाही. त्यानं राणी रंगाची साडी काढली, सोनेरी काठ, सोबत तयार ब्लाउज, कोणालाही बसेल असा. मी घेतली. राणी रंग! तू त्या रंगाचं बोरसुद्धा खाल्लं नसतंस. घरी आणली. बायका तुला ती नेसवत होत्या. मी दारात उभा होतो. तुझ्यापासून सहा पावलांवर कपाट होतं, कपाटात चौदा ब्लाउज होते, सगळे इस्त्री केलेले. मला सगळं दिसत होतं. खाली शववाहिकेचा ड्रायव्हर हॉर्न देत होता, मावशी 'आटपा, आटपा' म्हणत होती. एवढंच म्हणायचं होतं, थांबा, तो नको. तीन शब्द. माझं तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "चला."

तुझ्या चेहऱ्यावर तोच भाव होता जो लग्नाच्या फोटोत आहे. बरं.

मग मला वाटतं, म्हणून तू फिरतेस. राणी रंगात पाठवलं म्हणून आपल्या कपड्यांना शोधत फिरतेस, एकेका बाईच्या पाठीवर बसून पाहतेस, हा माझा का, हा माझा का. मी सरकारी नोकर माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण बँकेच्या रांगेत तू दिसलीस तेव्हा मी माझा नंबर सोडून बाहेर पळालो होतो, हेही खरं आहे.

परवा जरीपटक्याला मी खरं तर मास्टरजींकडं गेलो होतो. आता त्यांना जाड चष्मा लागलाय, मशीन मुलगा चालवतो. मी म्हणालो, "ताईंचा एक ब्लाउज शिवून द्या. जुना म्हणून मुलीला देईन." हे दुसरं खोटं. त्यांनी वही काढली. पान उलटत उलटत तुझ्यापर्यंत आले. तिथं लिहिलं होतं: शोभा मैडम, शर्ट. बाजूला तुझी मापं. दंड, छाती, मान. कुठली कुठली मापं खोडून बाजूला नवी लिहिलेली. तू बारीक होत गेलीस ते त्या पानावर दिसत होतं आणि मला ते घरात कधी दिसलं नव्हतं.

मास्टरजींनी पानावरच्या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "नाप तो है भैया. पर मैडम तीन बार वापस करती थीं, तब जाके कॉलर बनती थी. अब वापस कौन करेगा?"

मी बरोबर नेलेलं कापड परत पिशवीत घातलं आणि निघालो. मग तो सांभार.

काल दुपारी मी सुनंदाला गाठलं. ती आता मनीषनगरमध्येच चार घरचा स्वयंपाक करते. एका इमारतीच्या फाटकातून बाहेर आली, म्हणजे तू बाहेर आलीस. हळदी रेघांचा ब्लाउज, कॉलर. फक्त साडी मोठ्या मोठ्या फुलांची. रेघांवर फुलं! तू पाहिलं असतंस तर तिथंच तिला घरी परत पाठवलं असतंस. खिसा उसवून तिनं मोठा करून घेतला होता, त्यात मोबाइल.

"भाऊ? उन्हात काहून उभे आहे जी?"

मी सरळ सांगितलं. मुक्ता येते आहे, एक तरी परत पाहिजे.

"बाकीचे तर वाटले. तुम्हीच म्हनले, मागं काही ठेवू नका."

"हा आहे ना अंगावर. मी याच्या बदल्यात दोन नवीन घेऊन देतो."

तिनं कॉलरवरून हात फिरवला. "नाही, भाऊ. हा माहा आहे."

"सुनंदाबाई..."

"ऐका न जी. पहिले कोनाच्याही घरी गेली का 'बाई आली' म्हनत. आता वॉचमन म्हनते, कॉलरवाल्या ताई आल्या. माह्या पोरीले मैत्रिनी विचारतात, तुही आई कुठं सर्व्हिसले आहे? मी नाही देत. राग नका मानू."

भर उन्हात, एका स्वयंपाक करणाऱ्या बाईसमोर, हातात कापडाची पिशवी धरून मी उभा होतो आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. "तिला शेवटी भलत्याच साडीत नेलं हो मी."

सुनंदानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मीच तर होती नेसवाले. मी कपाटाकडं दोनदा पाहिलं. मंग तुमच्याकडं पाहिलं. म्हटलं, तुम्ही आता बोलान, मंग बोलान."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"मी कोन होती बोलनारी?" तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्ही भाऊ."

तिला दुसऱ्या घरी उशीर होत होता. तिनं पिशवीतून दुपट्टा काढला, तोंडाला गुंडाळला, डोळ्यांपर्यंत आणला, आणि सुनंदा गेली. समोर तू उरलीस. "येतो भाऊ," असं दुपट्ट्यातून काहीतरी म्हणून वळलीस आणि भिंतीच्या कडेकडेच्या सावलीतून चालायला लागलीस.

मुक्ताला खरं सांगेन. तिला काय वाटायचं ते वाटेल. पण तिच्या आधी तुला सांगायचं होतं, आणि घरातल्या त्या फोटोला सांगून काही उपयोग नव्हता, त्यातली बाई मला ओळखत नाही.

म्हणून मी त्या पाठीला म्हणालो, "चुकलं वं माझं, ताई."

मोठ्यानं नाही. लाजत लाजत, शाळेत बाकावर उभं केल्यासारखं. आजवर तुझ्याशी न बोललेले शब्द मी एका परक्या बाईच्या पाठीशी बोललो. तिला ऐकू गेलं नसावं. पण ती एक पाऊल थांबली. मान वळवली नाही. कॉलरखाली दाबला गेलेला पदर तिनं दोन बोटांनी सोडवून घेतला, खांद्यावर नीट केला आणि पुन्हा चालू लागली, भराभरा, मी मागं येतोय की नाही हे न पाहता.

मी गेलो नाही, ताई. तुला जाऊ दिलं.